ओळीचं शेवटचं अक्षर

८ जून २०२५, रविवार

चारशे बारा नावं. सगळी एकाच रकान्यात कोंबलेली.

बेंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वधूवर यादीचं काम आज अंगावर घेतलं. एक ओळ म्हणजे एक स्थळ. नाव, जन्मसाल, उंची, शिक्षण, राहण्याचं ठिकाण, फोन, सगळं एका दमात लिहिलेलं. कुणी मधे तिरकी रेघ मारली आहे, कुणी स्वल्पविराम दिलाय, कुणी नुसतीच जागा सोडली. अकरा वर्षं ज्याला वेळ होता त्यानं टाइप केलं. २४ ऑगस्टला मेळावा. त्याआधी प्रत्येक गोष्टीचा वेगळा रकाना हवा, म्हणजे वयाप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे यादी लावता येईल.

अध्यक्षांनी विचारलं, कोण करेल? सगळे आपापल्या कॉफीकडे बघायला लागले. मी हात वर केला.

प्रतापराव म्हणाले, "कशाला अण्णा. रिटायर झालात, आरामात राहा की."

ते मंडळाचे चिटणीस. चौऱ्याहत्तर वर्षांचे. घराणं साडेतीनशे वर्षं इथलं, त्यामुळे मराठीत कानडी कुठे सुरू होतं ते त्यांनाही कळत नसावं. वधूवर यादी तीस वर्षं त्यांच्याच हातात. आधी वही, मग कॉम्प्युटर, पण वही अजून काखेत असते. मी काम घेतलेलं त्यांना आवडलं नाही, असं वाटलं. माणसाला आपली वस्तू दुसऱ्यानं आवरलेली आवडत नाहीच.

१० जून, मंगळवार

हात का वर केला ते इथे लिहायला हरकत नाही.

यादीत केतकीचं, माझ्या मुलीचं, नाव आहे. २०२१ मध्ये मीच घातलं. पहिल्या वर्षी पाच-सहा जणांनी विचारलं. एक कॅनडाचं स्थळ तर बरंच पुढे गेलं होतं. मग त्यांनी कळवलं नाही. आणि मग सगळंच थांबलं. तीन वर्षांत एक फोन नाही. मुलगी एम. टेक., चांगली नोकरी, दिसायला नीटस. चौतिसावं लागलं आता. प्रतापरावांना विचारलं की म्हणतात, "बघतो अण्णा."

मला शंका आहे, तिची ओळ कुठेतरी चुकली आहे. फोनचा एखादा आकडा, नाहीतर साल. इंजिनियरला असंच सुचणार, बायको म्हणेल. म्हणून हेमाला सांगितलेलं नाही. केतकीकडे हा विषय काढायचा नाही, असा हेमाचा दंडक आहे. "ती चिडते. मग दोन शनिवार येत नाही." खरं असेल. मी काढत नाही.

१५ जून, रविवार

सौम्याकडून पहिला धडा. ती मंडळाच्या ऑफिसात अर्धा दिवस असते, बाकी अर्धा दिवस एका शाळेच्या ऑफिसात. मराठी बोलत नाही, पण वाचते – लिपी हिंदीचीच, म्हणाली. माझं कानडी बाजारापुरतं. हिंदी-इंग्रजीवर भागवलं.

तीन गोष्टी शिकलो. लेफ्ट म्हणजे डावीकडून इतकी अक्षरं उचल. राइट म्हणजे उजवीकडून. मिड म्हणजे मधून – कितव्या अक्षरापासून आणि किती, ते सांगायचं. मूळ ओळ जशीच्या तशी राहते, उचललेलं शेजारच्या रकान्यात येतं. बेचाळीस वर्षं इथे काढली, त्यातली पस्तीस सरकारी कारखान्यात यंत्रांबरोबर, आणि हे मला कुणी दाखवलं नाही.

पण एक गंमत. पहिलं अक्षर उचलायला सांगितलं तर "केतकी"मधून नुसता "क" आला. मात्रा मागेच राहिली. सौम्या हसली. "सर, उसके लिए मात्रा अलग है." काना, मात्रा, वेलांटी, सगळं तो वेगळं मोजतो. आपल्याला केतकी तीन अक्षरी. त्याला पाच.

१८ जून, बुधवार

लेन म्हणजे लांबी. ओळीत किती अक्षरं ते सांगतो. घरातल्यांची नावं घालून पाहिली. हेमलता सहा. मी सात. हेमा म्हणाली, नावानं तरी पुढे आहात.

सोळाच ओळी नीट झाल्या आज.

२२ जून, रविवार

आडनाव वेगळं काढायचा प्रयत्न. नावातल्या शेवटच्या मोकळ्या जागेनंतरचा शब्द म्हणजे आडनाव, असं मी धरलं. पुण्या-नाशकाकडचे सगळे बरोबर आले. जुन्या बेंगळुरूकरांचा बोजवारा. "त्रिविक्रम एस. आर." यांचं आडनाव "आर." आणि अठ्ठावन्न जणांचं आडनाव "राव".

प्रतापरावांना विचारलं, यांची खरी आडनावं काय?

"आडनाव कशाला लागतं? माणूस कुणाच्या घरचा ते मला गोत्त आहे."

माहीत आहे म्हणजे गोत्त. पण कॉम्प्युटरला गोत्त नाही, म्हटलं. ते म्हणाले, "म्हणूनच त्याच्याजवळ कुणी मुलगी मागायला जात नाही."

आडनावाचा रकाना रद्द.

२८ जून, शनिवार

केतकी आली. मारतहळ्ळीहून जे. पी. नगर, दोन तास. सिल्क बोर्डच्या चौकात पाऊण तास एकाच जागी. आल्याबरोबर आईच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं, मग जेवली, मग सोफ्यावर झोपली. झोपेत लहानच दिसते.

जाताना हेमानं डबे भरून दिले. पाच. हेमा दर वेळी रिक्षा वळेपर्यंत फाटकाशी उभी असते.

६ जुलै, रविवार

जन्मसालं काढली. युक्ती अशी – ओळीत "१९" कुठे आहे ते फाइंड शोधतो आणि मिड तिथून चार अक्षरं उचलतो. दुपारपर्यंत साडेतीनशे सालं आली. मला फार बरं वाटलं. मग दिसलं, एका मुलीचा जन्म १९४३चा. तिच्या फोन नंबरात १९४३ होतं. साल पुढे होतं, नंबर आधी लिहिलेला. अशा अकरा ओळी हातानं केल्या.

केतकीची ओळ आज पहिल्यांदा नीट वाचली. साल बरोबर. उंची बरोबर. नंबर माझाच, बरोबर. काही चूक नाही. मग काय?

१३ जुलै, रविवार

प्रत्येक ओळीच्या अगदी शेवटी एक सुटं अक्षर आहे. मला आधी टाइप करताना पडलेला कचरा वाटला. सौम्या म्हणाली, नाही, ते प्रतापराव सरांचं आहे. च म्हणजे चालू, ही स्थळं लोकांना पाठवायची. ज म्हणजे जमलं. आणि तिसरं थ. थांबवलं. पाठवायचं नाही.

राइट, एक अक्षर. एका झटक्यात चारशे बारा ओळींची अक्षरं रांगेत. सव्वीस ओळी मात्र रिकाम्या आल्या. सौम्या म्हणाली, शेवटी मोकळी जागा पडली असेल. दिसत नाही, पण तीही अक्षरच. आधी ती छाटायची, मग उचलायचं.

वेळ संपला. केतकी त्या सव्वीसात आहे.

१४ जुलै, सोमवार

घरी बसून मोकळ्या जागा छाटल्या.

केतकी – थ.

१५ जुलै, मंगळवार

काही केलं नाही. बाजारात गेलो, कोथिंबीर विसरून आलो.

२० जुलै, रविवार

प्रतापरावांना एकट्याला गाठलं. सौम्या जेवायला गेली होती. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती.

"हे तुम्ही घातलंत?"

"माझंच अक्षर आहे ना."

"कधी?"

"तीन वर्षं झाली."

"मी दर महिन्याला तुम्हाला विचारतोय. तुम्ही बघतो म्हणता."

"काय म्हणू मग?" ते म्हणाले. "स्वल्प बसा अण्णा." मी उभाच होतो हे तेव्हा कळलं. "फोन येतो. नाव राहू द्या म्हणतात, काढू नका, घरात कळेल. पण कुठे पाठवू नका. मी थ घालतो. शब्द दिला की दिला."

"कुणाचा फोन?"

"घरातनंच येतो. ज्याचं नाव, त्याच्या घरातनं. बाहेरच्याचं मी ऐकत नाही. आणि कुणी केला ते लिहीत नाही, बोलत नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही माझ्यावर रागवा, सरी, चालेल."

रागवलो नाही. राग कुठे ठेवायचा ते कळेना. खाली उतरून संपिगे रोड मेट्रो स्टेशनपर्यंत चालत आलो. गाडीत बसल्यावर विचार केला – म्हणजे केतकीनं फोन केला. तिला लग्न करायचं नाही, हे ती मला सांगू शकली नाही. परक्या म्हाताऱ्याला सांगू शकली. आणि मी दर महिन्याला त्याच म्हाताऱ्याला विचारत होतो, काही आलं का.

नाव राहू द्या, काढू नका. माझ्यासाठी राहू दिलं. मला बरं वाटावं म्हणून.

२२ जुलै, मंगळवार

हेमाला सांगायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "काय हो, चेहरा असा का?" म्हटलं, डोळे दुखतात स्क्रीननं. तिला कळलं तर ती केतकीला विचारेल, केतकीला कळेल की मला कळलं. नको.

२३ जुलै, बुधवार

मोजलं. थ किती?

बेचाळीस. त्यात मुलगे पाच. मुली सदतीस.

सदतीस घरांत माझ्यासारखा एकेक माणूस बसला आहे, बघतो म्हणाले आहेत, असं धरून.

सदतिसात संहिता आहे. पुरुषोत्तमची मुलगी. तो माझा इथला सगळ्यात जुना मित्र, एका सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाला. बायको गेल्यापासून मुलगा-सून, तो आणि संहिता, मल्लेश्वरममध्ये एकत्र राहतात. संहिता छत्तीस, कॉलेजात शिकवते. घरचं सगळं तीच बघते. पुरुषोत्तम दर रविवारी मंडळात येतो तो फक्त तिचं काही आलं का, एवढं विचारायला.

२६ जुलै, शनिवार

केतकी आली. मी काही विचारलं नाही. आधीही विचारत नव्हतो, पण आधीचं न विचारणं वेगळं होतं. त्यात कण्हणं असायचं. आज मोकळ्या मनानं तिच्या ऑफिसबद्दल ऐकलं. तिच्या टीममध्ये आता नऊ जण आहेत. ती त्यांची प्रमुख. मला हे माहीतच नव्हतं. चार वर्षं मी ह्या मुलीकडे बघत होतो ते कशाची तरी वाट बघत.

भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाबा, मेळाव्याबिळाव्याचं काही म्हणत नाही तुम्ही."

"तुला नको असेल तर कशाला."

 कपात पाणी राहिलं होतं ते तिनं झटकून ठेवलं. मला वाटलं, सुटली. बरं केलं मी.

३ ऑगस्ट, रविवार

सगळे रकाने तयार. अध्यक्ष खूश. त्यांनी कमिटीसमोर पाठ थोपटली आणि म्हणाले, ही पूर्ण फाइल सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाकू. मेळाव्याआधी ज्यानं त्यानं बघून ठेवावं. फोन नंबरांसकट.

पूर्ण फाइल! म्हणजे शेवटच्या अक्षराचा रकानाही. च, ज, थ वर मथळा मीच घातला होता, ठळक – "सद्यस्थिती". चारशे घरांतले बाप आपापल्या मुलीची ओळ शोधणार, आणि शेजारी थ. सदतीस घरांत एकाच संध्याकाळी.

प्रतापराव माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदा त्यांच्या नजरेत विनंती दिसली.

मी म्हटलं, फाइलमध्ये अजून चुका आहेत. दहा दिवस द्या.

बाहेर आल्यावर प्रतापराव म्हणाले, "मी टाइप करायला शिकलो नसतो तर बरं झालं असतं. वहीत कोण बघतं."

५ ऑगस्ट, मंगळवार

नुसता तो रकाना पुसून चालत नाही. मूळ ओळीत अक्षर आहेच. मूळ ओळीतूनही काढलं, तर थ आणि च सारखेच. मग लोक सदतीस जणींच्या घरी सरळ फोन करतील. सदतीस ओळीच काढून टाकल्या, तर बापांना मुलीचं नाव दिसणार नाही. तेही कळणारच.

कुठूनही ओढा, कुठेतरी उसवतंय.

१० ऑगस्ट, रविवार

पुरुषोत्तमनं मला आठव्या क्रॉस रस्त्यावर कॉफीला नेलं. बाय-टू. एकाच कॉफीचे दोन अर्धे पेले घेऊन उभे राहिलो. तो म्हणाला, "पारखी, तुझ्या हातात आहे ना आता सगळं ते कॉम्प्युटरमधलं? संहिताचं जरा बघ. काहीतरी चुकलंय तिच्या नोंदीत. प्रतापराव म्हातारे झाले, त्यांना लक्षात राहत नाही."

माझेच शब्द. मी त्यांना नावं ठेवताना माझ्या मनात होते तेच.

"बघितली मी तिची ओळ," मी म्हटलं. "काही चुकलेलं नाही."

"चालू आहे म्हणजे?"

"चालू आहे."

तो पेल्यात बघत राहिला. मग म्हणाला, "मग तिचं नशीबच म्हणायचं." आणि माझा रिकामा पेला उचलून स्वतः ठेवून आला.

खोटं बोललो. चाळीस वर्षांच्या मित्राशी, तोंडावर. ज्या गोष्टीसाठी प्रतापरावांवर चिडायला हवं होतं, तीच केली. पण संहितानं विश्वासानं सांगितलं असणार, ते माझ्यामुळे कसं उघडं पडू द्यायचं? मोठी आहे ती. तिचा तो हक्क आहे. असं स्वतःला जे. पी. नगर येईपर्यंत सांगत होतो.

१३ ऑगस्ट, बुधवार

सुटलं.

एकाही घराचा नंबर फाइलमध्ये ठेवायचाच नाही. प्रत्येक ओळीसमोर मंडळाचा नंबर. ज्याला स्थळ आवडेल त्यानं मंडळात विचारायचं, आणि तिथे बसणार प्रतापराव आणि त्यांची वही. थ असलेलीला विचारलं की ते बघतो म्हणतील. तीस वर्षांची सवय आहे.

मग शेवटचं अक्षर छाटलं. लेन घ्यायची, त्यातून एक वजा करायचा, तेवढीच अक्षरं लेफ्टनं डावीकडून उचलायची. म्हणजे शेवटचं सोडून सगळी ओळ. एका ओळीत सूत्र लिहिलं आणि खाली चारशे बारापर्यंत ओढलं. दोन सेकंद लागले असतील. च, ज, थ, सगळी गेली. निकाल नुसता मजकूर म्हणून चिकटवला, मग मूळ रकाना, सद्यस्थितीचा रकाना आणि घरांचे नंबर पुसले.

मुलींची खाजगी माहिती उघड्यावर नको, असं अध्यक्षांना कारण दिलं. त्यांनी हे आपल्याला आधीच सुचलं होतं असं सांगितलं. प्रतापरावांना फोन केला.  ते म्हणाले, "वहिनींना नमस्कार सांगा." इतकंच. मंडळात कुणी हेमाला नमस्कार सांगत नाही, ती कधी येत नाही. म्हातारपणी माणसाला काय बोलावं सुचत नाही तेव्हा असं होतं.

१७ ऑगस्ट, रविवार

फाइल ग्रुपवर गेली. सत्तर जणांनी हात जोडले. पुरुषोत्तमनं संहिताची ओळ लाल चौकटीत घालून मला पाठवली. "दिसली. धन्यवाद."

२४ ऑगस्ट, रविवार

मेळावा झाला. गर्दी बरी. सौम्या दारात नावं लिहून घेत होती, प्रतापराव टेबलामागे वही घेऊन.

केतकी आली नाही, मी बोलावलंही नाही. संहिता मात्र आली होती. पुरुषोत्तमबरोबर. मोतिया रंगाची साडी, केसात अबोली. दहा वाजता येऊन दुसऱ्या रांगेत बसली. ज्यांना कुणाशी बोलायचं असेल ते टेबलाशी जाऊन क्रमांक सांगत होते. तिचा क्रमांक दोघांनी सांगितलेला मी माझ्या कानांनी ऐकला. दोन्ही वेळा प्रतापराव म्हणाले, "बघतो."

पाच वाजेपर्यंत ती बसून होती. मला आश्चर्य वाटलं, किती निभावून नेते ही मुलगी. नको असलेल्या गोष्टीसाठी सबंध दिवस नटून बसायचं, केवळ बापासाठी. जाताना तिनं मला नमस्कार केला. "काका, तुम्ही यादीवर खूप मेहनत घेतलीत म्हणे." डोळे लाल होते. पंखे फार जोरात लावले होते हॉलमध्ये.

घरी येताना ठरवलं. केतकीला असं निभवायला लावायचं नाही. आपल्याला कळलं आहे आणि आपली काही हरकत नाही, एवढं तिला सांगून टाकायचं. ह्या शनिवारी.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. केतकीला सुट्टी होती, पण टीमचं काम निघालं. शनिवारी येते म्हणाली. हेमा दिवसभर तिच्या वाटणीचे मोदक वेगळे काढत होती.

शनिवारी काय बोलायचं ते मनात चार वेळा म्हणून पाहिलं. तुझं आयुष्य आहे. मला काही सिद्ध करून दाखवायला नको. तू आहेस तशी पुरेशी आहेस. शेवटचं वाक्य जरा नाटकी वाटतं. पण खरं आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

जेवायला बसताना केतकीला सांगितलं, तू यादीत नाव थांबवायला लावलंस ते मला कळलं, मला राग नाही. ती म्हणाली, "मी? मी कधी कुणाला फोनच केला नाही बाबा. मला वाटायचं, कुणी विचारतच नाही."

हेमा वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं. "मी केला होता," म्हणाली. "कॅनडावाले हो म्हणाले तेव्हा. त्यांचा फोन मीच घेतला होता."

केतकी हात धुऊन गेली. रिक्षा वळली तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.

पुरुषोत्तमला फोन केला. म्हटलं, मी तुझ्याशी खोटं बोललो, संहिताचं नाव कुठेच पाठवलं जात नाही. घरातल्या कुणीतरी थांबवलं आहे. तिला एकटीला घे आणि तिलाच विचार. आजच विचार.